बेटाला पाठ नसते

मावशींच्या फ्रीजवर चुंबकानं लावलेले दोन कागद होते. एक वादळाच्या तयारीचा: पाणी, बॅटऱ्या, तांदूळ, डबाबंद मांस, खिडक्यांच्या पत्र्याच्या झडपा. दुसरा २०१७ चा, कडा पिवळ्या पडलेला. आकाशात लखलखाट दिसला तर त्याच्याकडे बघू नका, डोळे जातील, असं त्यात लिहिलं होतं. बाहेर असाल तर अंगावरचे कपडे उतरवून पिशवीत बांधून लांब ठेवा. डोकं साबणानं किंवा शाम्पूनं धुवा, पण कंडिशनर लावू नका. त्यानं किरणोत्सारी धूळ केसांना धरून राहते.

कंडिशनरची ओळ मी दोनदा वाचली. मावशी मागून म्हणाल्या, "मला त्याची भीती नाही. केस उरलेत कुठे?" आणि भाताचा कुकर लावायला वळल्या.

त्यांना इथे सगळे ‘आंटी’ म्हणतात. मी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात मावशी करून टाकलं. दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात. दिवंगत नवरा अमेरिकी सैन्यात होता, नातू नॅशनल गार्डमध्ये आहे. घर काँक्रीटचं, छत सपाट. उत्तरेला जीगो नावाच्या गावाजवळ अँडरसन हा अमेरिकी हवाई दलाचा तळ आहे. मावशींच्या अंगणातून तळ दिसत नाही, पण विमान उठलं की खिडकीच्या काचा थरथरतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘बेट’ हा विषय दिला तेव्हा त्यांच्या मनात अंदमान असावं, फार तर मुरुडचा जंजिरा. माझ्या डोक्यात मात्र मे २०२५ पासून वेगळाच प्रश्न होता. ७ मे रोजी मुंबई, उरण, तारापूरला भोंगे वाजवून हवाई हल्ल्यापासून बचावाचा सराव झाला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काथ्याकूट चालला होता. "तशीच वेळ आली तर गावी जाऊ," असं म्हणणारे त्यात पुष्कळ होते. ज्याला मागे गावच नाही, ज्याच्या चारी बाजूंना पाणी आहे, तो काय करतो? याचं उत्तर शोधायला सध्या जगात गुआमइतकी बोलकी जागा नाही. मनिलाहून साधारण चार तासांचं विमान पकडून मी तिथे उतरले.

एक हजार पासष्ट सेकंद

गुआम म्हणजे पश्चिम प्रशांत महासागरातला चुनखडीचा आणि ज्वालामुखीच्या खडकाचा एक तुकडा. लांबी अठ्ठेचाळीस किलोमीटर, कंबर जेमतेम सहा-सात किलोमीटरची. मुंबई शहर आणि उपनगर मिळून होईल त्याच्या जवळपास जागा, आणि माणसं दीड लाखाच्या थोडी वर. त्यांतले एक तृतीयांश चामोरो, म्हणजे इथले मूळचे. त्यांच्या भाषेत बेटाचं नाव गुआहान, ‘आमच्यापाशी आहे’ अशा अर्थाचं. होनोलुलू इथून सहा हजार किलोमीटरवर, तर प्याँगयांग साडेतीन हजारांच्या आत. तैवान त्याहूनही जवळ.

हे अंतर ऑगस्ट २०१७ मध्ये बेटावरच्या पोरासोरांना पाठ झालं. उत्तर कोरियानं जाहीर केलं, की चार ह्वासाँग-१२ क्षेपणास्त्रं जपानवरून नेऊन गुआमच्या किनाऱ्यापासून तीस-चाळीस किलोमीटरवर समुद्रात पाडू. धमकीत आकडेही होते: ३,३५६.७ किलोमीटर, १,०६५ सेकंद. पावणेअठरा मिनिटं. बेटाच्या नागरी संरक्षण खात्यानं लोकांना सांगितलं, की तुमच्या हाती चौदा मिनिटं येतील. कंडिशनरचा कागद निघाला तो याच आठवड्यात. पुढे १५ ऑगस्टच्या मध्यरात्री दोन रेडिओ केंद्रांवरून चुकून धोक्याचा इशारा प्रसारित झाला आणि माणसं अंथरुणातून उठून बसली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी गुआमच्या गव्हर्नरांना फोनवर सांगितलं, की तुमचं पर्यटन आता दसपट वाढेल. फोनचं रेकॉर्डिंग जगानं ऐकलं.

क्षेपणास्त्रं आली नाहीत. चौदा मिनिटं मात्र डोक्यात राहिली. मावशींनी त्या दिवसांत एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. शाळेतून नातवाला आणायला तेव्हा अकरा मिनिटं लागत, परत यायला अकरा. हिशेब जमत नाही म्हटल्यावर त्यांनी तो करणं सोडून दिलं.

उत्तर कोरियाचा विषय मागे पडला आणि त्या जागी त्याहून जड नाव आलं, चीनचं. त्याआधीच, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, बीजिंगच्या संचलनात चीननं डीएफ-२६ हे क्षेपणास्त्र दाखवलं होतं. पल्ला सुमारे चार हजार किलोमीटर, गुआम त्यात आरामात बसतं. जाणकारांनी त्याचं नाव ‘गुआम एक्स्प्रेस’ ठेवलं. तैवानवरून लढाई पेटलीच तर अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं अँडरसनवरून उठणार, पाणबुड्या आप्रा बंदरातून निघणार. मग पहिला घाव कुठे बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

न बोलावलेले पाहुणे

बेटाच्या रक्षणाची गोष्ट ऐकायला गेलं की इथे आधी बेटावर चालून आलेल्यांची गोष्ट निघते. स्पेन आला. १८९८ मध्ये युद्ध हरल्यावर स्पेननं गुआम अमेरिकेला देऊन टाकलं. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानं आली आणि दोन दिवसांत बेट पडलं. त्या वेळी इथे संरक्षण म्हणावं असं फारसं नव्हतंच. अडीच वर्षांच्या राजवटीच्या अखेरीस हजारो चामोरोंना चालवत मानेंगोनच्या छावणीत नेण्यात आलं. २१ जुलै १९४४ ला अमेरिकी फौजा उतरल्या. तो दिवस आजही मिरवणूक काढून साजरा होतो.

दक्षिणेकडे तालोफोफोच्या धबधब्याजवळ एक विवर दाखवतात. शोईची योकोई हा जपानी सैनिक लढाई संपल्यावर अठ्ठावीस वर्षं जंगलात लपून राहिला. १९७२ च्या जानेवारीत सापडला तेव्हा त्याच्या अंगावर झाडाच्या सालीच्या धाग्यांचं कापड होतं. मूळचा तो शिंपी होता. युद्ध संपल्याचं त्याला बऱ्याच आधी कळलं होतं, पण शरण जाणं मनाला पटत नव्हतं. विवराच्या बांबूच्या शिडीपाशी उभं राहिल्यावर वाटतं, की या बेटावरची युद्धं जाहीरनाम्यावरच्या तारखेला संपत नाहीत.

आणि एक पाहुणा असा, की त्याला कोणत्याच रडारनं पाहिलं नाही. युद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी झाडसाप आला. पुढच्या तीन-चार दशकांत त्यानं बेटावरच्या बारा वन्य पक्ष्यांपैकी दहा जाती संपवल्या. मी उत्तरेच्या लितेक्यान अभयारण्यात पहाटे गेले होते. दाट झाडी, प्राचीन ‘लाते’ दगडी खांब, आणि पाखराचा आवाज नाही. कोकणातल्या माणसाला तर कानात कापूस घातल्यासारखं वाटेल. पक्षी गेले म्हणून कोळी वाढले. पावसाळ्यात इथली कोळिष्टकं शेजारच्या बेटांच्या चाळीसपट असल्याचं अभ्यासकांनी मोजलं. सापांवर उपाय म्हणून २०१३ च्या डिसेंबरमध्ये अँडरसनवर हेलिकॉप्टरमधून दोन हजार मेलेले उंदीर छोट्या छत्र्या बांधून सोडले. प्रत्येकाला पॅरासिटामॉलची एक गोळी चिकटवलेली. माणसाला ताप उतरवणारी ती गोळी या सापाचा जीव घेते. विमानतळावर आणि बंदरात बाहेर जाणारं सामान आजही शिकवलेले कुत्रे हुंगतात.

या सापाची गोष्ट मी उगाच सांगत नाही. बेटाची व्यवस्था एका फटीतून मोडते आणि मोडली की बाहेरून भरून निघत नाही. इकडे बुजवायचं तिकडे उघडं राहतं. क्षेपणास्त्रांच्या ढालीपुढेही हाच पेच आहे.

चहूकडून

लितेक्यानला जाणारा रस्ता लष्करी कुंपणाला लागून जातो. याच टोकाला नॉर्थवेस्ट फील्ड ही दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी आहे. तिथे २०१३ पासून थाड नावाच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची एक तुकडी तैनात आहे. सैनिकांनी त्या जागेचं नाव ‘आर्माडिलो’ ठेवलंय. अंगावर चिलखत वागवणाऱ्या, संकट आलं की गोळा होऊन बसणाऱ्या प्राण्याचं. कुंपणापलीकडे मला दिसली फक्त झुडपं आणि ‘छायाचित्रण मनाई’ची पाटी.

ही यंत्रणा चालते कशी, हे समजून घ्यायला गोफण आठवावी. गोफणीतून दगड सुटला की तो कुठे पडणार हे थोड्याच वेळात सांगता येतं, कारण मग त्याच्यावर फक्त वेग आणि गुरुत्वाकर्षण यांची सत्ता असते. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे अवकाशात जाऊन खाली येणारा असा दगड. ते उडालं की त्याच्या इंजिनाची धग अवरक्त किरण पाहणारे उपग्रह टिपतात. मग समुद्रावरच्या जहाजांची आणि जमिनीवरची रडारं त्याचा माग घेतात, संगणक पुढची वाट काढतो आणि त्या वाटेवर आपलं क्षेपणास्त्र नेऊन आदळवायचं. थाडच्या अस्त्रात स्फोटकं नसतात. टक्कर हाच मार. एका लाँचरवर अशी आठ अस्त्रं.

एका थरावर कोणी विसंबत नाही. वातावरणाबाहेर असतानाच गाठायचं तर एसएम-३, ते हुकलं तर वातावरणाच्या वेशीवर थाड, तिथूनही निसटलं तर शेवटच्या काही किलोमीटरांत पॅट्रियट. १० डिसेंबर २०२४ ला अमेरिकेनं अँडरसनवरून एसएम-३ सोडून विमानातून टाकलेलं मध्यम पल्ल्याचं लक्ष्य समुद्रावर अवकाशात पाडलं. गुआमवरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडण्याची ती पहिलीच खेप.

अडचण पुढेच आहे. दगडानं मध्येच वळायचं ठरवलं तर? वातावरणाच्या वरच्या थरात घसरत, वळत येणारी अतिवेगवान अस्त्रं आता आली आहेत. त्यांची वाट आधी मांडता येत नाही. आणि क्रूझ क्षेपणास्त्र तर दगडच नव्हे, तो पाणकावळा. लाटांच्या जरा वरून सरळ येतो. पृथ्वी गोल असल्यामुळे तो क्षितिजाआड लपलेला असतो. गुआमच्या उत्तरेकडच्या पठारावर, दीडशे मीटर उंचीवर रडार बसवलं तरी तीस मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र सत्तरेक किलोमीटरवर आल्यावरच दिसू लागतं. ताशी नऊशे किलोमीटर म्हणजे मिनिटाला पंधरा. पाच मिनिटं सुद्धा हाती उरत नाहीत. त्यात ओळखायचं, ठरवायचं आणि सोडायचं.

शिवाय ते येणार कुठून? मुख्य भूमीवरच्या सैन्याला शत्रूची बाजू ठाऊक असते. बेटाच्या पूर्वेला पाणबुडी वर येऊ शकते, दक्षिणेला विमान वळसा घालून पोचू शकतं. थाड किंवा जुन्या पॅट्रियटचं रडार बॅटरीसारखं असतं, तोंड असेल त्या बाजूचाच पट्टा उजळतं. बेटाला पुढचं दार आणि मागची भिंत असा भेद नाही. बेटाला पाठ नसते. म्हणूनच गुआमच्या रक्षणाच्या नव्या योजनेचा सगळा भर ‘तीनशे साठ अंश’ या शब्दांवर आहे. बेटभर सोळा जागा, त्यांवर चहूकडे पाहणारी रडारं, हलवता येणारे लाँचर, आणि भूदल-नौदलाची वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेली यंत्रं एकाच पडद्यावर आणणारी जोडणी. ऐकायला साधं वाटतं. तीन भावांच्या तीन दुकानांची वही एक करून पाहा, म्हणजे कठीण काय ते कळेल.

चार आण्याची कोंबडी

बुधवारी रात्री हगात्न्या या राजधानीच्या गावात बाजार भरतो. कोळशावर मांस भाजण्याचा धूर, अचिओतेच्या बियांनी लाल केलेला भात, सोया-व्हिनेगर-मिरचीचं फिनादेने. एका स्टॉलसमोर शाळकरी पोरगा खेळण्यातला ड्रोन उडवत होता. पोलीस आला आणि हातानं ‘खाली घे’ अशी खूण करून गेला.

यात गंमत पाहण्याचं कारण नाही. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्रीच्या वेळी अँडरसनवरच्या नेमक्या थाडच्या जागेवर अनोळखी ड्रोन घिरट्या घालून गेले. वातावरणाच्या वेशीवर क्षेपणास्त्र टिपणाऱ्या यंत्रणेच्या डोक्यावर घरगुती पंख्याएवढी वस्तू गुणगुणते आहे आणि तिच्याविरुद्ध ती यंत्रणा निकामी आहे. कीर्तनातल्या दृष्टान्तात शोभेल असा प्रसंग.

इथून पुढचा हिशेब पैशांचा. पॅट्रियटचं एक नवं अस्त्र चाळीस लाख डॉलरच्या घरात पडतं, एसएम-३ चं अद्ययावत रूप अडीच कोटी डॉलरच्या वर. समोरून येणारा इराणी बनावटीचा शाहेद ड्रोन वीस ते पन्नास हजार डॉलरचा असल्याचे अंदाज आहेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कोंबड्या शेकड्यांनी आल्या तर मसाल्याचा डबा आधी रिकामा होतो. आणि मोकळं लाँचर भरायला नवी अस्त्रं हजारो किलोमीटरवरून, तोवर बंदर आणि धावपट्टी शाबूत असली तरच, येणार.

या गणिताची झळ आपल्याला लागलेली आहे. १७ जानेवारी २०२२ ला येमेनच्या हूथींनी अबुधाबीवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडले. थाडनं प्रत्यक्ष युद्धात क्षेपणास्त्र पाडण्याची पहिली वेळ तीच. तरीही इंधनाचे टँकर पेटले आणि तीन कामगार गेले, दोन भारतीय, एक पाकिस्तानी. ८ मे २०२५ च्या रात्री भारताच्या पश्चिम सीमेवर ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन आल्याचं आपल्या सरकारनं सांगितलं. ते पाडण्यात मोठा वाटा होता मूळ स्वीडनच्या, वयस्कर एल-७० तोफांचा. गोळी स्वस्त, पुरवठा भरपूर. गुआमच्या योजनेतही आता हा धडा आहे. ड्रोन आणि क्रूझसाठी वेगळे, स्वस्तातले लाँचर त्यात घेतले आहेत. त्याआधी २०२१ च्या अखेरीस इस्रायली आयर्न डोमची एक तुकडी इथे आणून दोन महिने बेटाच्या हवेत, मिठाच्या वाऱ्यात ती कशी टिकते हेही पाहून झालं.

पण १ जून २०२५ ला युक्रेननं जे केलं त्यानं तळ राखणाऱ्यांची झोप उडवली. ट्रकवरच्या लाकडी खोक्यांत लपवलेले शंभरावर ड्रोन रशियाच्या पार आतल्या धावपट्ट्यांजवळ नेऊन सोडले आणि उभी बॉम्बफेकी विमानं जाळली. गुआमची साखर, सिमेंट, गाड्या, औषधं जवळजवळ सगळी आप्रा बंदरात कंटेनरमधून उतरतात. साप असाच आला होता.

सोळा जागांचा कागद

ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मसुदा निघाला, जनसुनावण्या झाल्या. कोकणात प्रकल्पांच्या सुनावण्या पाहिलेल्यांना त्या दृश्याचं वर्णन करायला नको. भिंतीवर नकाशे, गणवेशातली सौम्य माणसं, प्रत्येकाला मोजून दिलेली मिनिटं. बोलायला उभं राहणारा आधी आपल्या आजोबांची जमीन कुठे होती ते सांगतो. रडारच्या लहरींचं काय, जंगलाचं काय, नव्यानं बंद होणाऱ्या हवाई हद्दीचं काय. या सगळ्याखाली एकच प्रश्न असतो आणि तो कुठल्याच तक्त्यात बसत नाही: ही ढाल आम्हाला वाचवायला आहे, की तळाला?

सोळाही जागा लष्कराच्याच ताब्यातल्या जमिनीवर आहेत, हे खरं. पण बेटाचा चौथा हिस्सा आणि वर थोडा लष्कराकडे आहेच, आणि तो मुख्यतः युद्धानंतर घेतलेला. १९५० च्या कायद्यानं इथली माणसं अमेरिकेची नागरिक झाली. राष्ट्राध्यक्ष निवडण्यात मात्र त्यांचं मत मोजलं जात नाही. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात त्यांची एक व्यक्ती बसते, ती सभागृहातल्या अंतिम मतदानात भाग घेऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ‘अजून स्वतःचं राज्य नसलेल्या’ प्रदेशांच्या यादीत गुआम १९४६ पासून आहे. तरी सैन्यात भरती होण्यात ही माणसं देशात पुढे. मावशींच्या दिवाणखान्यात नवऱ्याची घडी घातलेली त्रिकोणी ध्वजपेटी आहे आणि त्याच भिंतीवर आजोबांच्या, आता कुंपणाआड गेलेल्या वाडीचं छायाचित्र. दोन्हींमध्ये त्यांना विरोध दिसत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तळ नसता तर इकडे कोणी नेम धरला नसता. आता धरलाच आहे, तर ढाल नको कशी म्हणू?"

सुक्याबरोबर ओलं जळतं, ही म्हण मी त्यांना इंग्रजीत कशीबशी समजावली. त्यांनी मान हलवली, मग विचारलं, "इथे सुकं कोण आणि ओलं कोण?"

पाण्यावर तरंगणारं पाणी

शिवकाळ पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याविषयी जो उपदेश आहे, त्यात पाण्याची खातरजमा तटाबुरुजांच्या आधी येते. सिंधुदुर्गावर चारी बाजूंना खारा समुद्र, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. त्या आटल्या असत्या तर तटाची उंची कामाला आली नसती.

गुआमची साखरबाव जमिनीखाली आहे. उत्तरेकडचं पठार चुनखडीचं, चाळणीसारखं सच्छिद्र. पावसाचं पाणी झिरपत खाली जातं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. बेटाच्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के याच भिंगातून येतं. अँडरसन, नॉर्थवेस्ट फील्ड, मरीन सैनिकांचा नवा कॅम्प ब्लाझ, मावशींचं घर, सगळे त्या भिंगाच्या डोक्यावर बसले आहेत. वरून जे सांडेल ते खाली जाणार. जास्त उपसा झाला तर समुद्र वर येणार. पंप चालायला वीज हवी, विजेला इंधन हवं, इंधन बंदरातून येतं.

ही साखळी तुटली की काय होतं, हे बेटानं क्षेपणास्त्राशिवाय पाहिलं आहे. २४ मे २०२३ ला मावार हे वादळ उत्तर टोकावरून गेलं, वारे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. बावन्न हजार वीजजोडण्यांपैकी हजारेक सोडून सगळ्या बंद. नळ कोरडे. बंदराचा लाटारोधक बांध ठिकठिकाणी फुटला. वीज पूर्ववत व्हायला आठवडे लागले. लष्करानं जहाजं आणि विमानं आधीच दूर पाठवली होती. तळाला ती सोय असते. आणि नेमक्या त्याच तारखेला मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की चीनशी संबंधित हॅकरांचा एक गट गुआमसह अमेरिकी ठिकाणांच्या दळणवळण आणि इतर मूलभूत सेवांच्या संगणकांत शिरून गुपचूप बसला आहे. त्या गटाचं नाव ठेवलं होतं ‘व्होल्ट टायफून’. बेटावरच्या माणसांना दोन वादळांची बातमी एका दिवसात मिळाली. त्यांतलं एकच खिडकीतून दिसत होतं.

रक्षणाचा अर्थ लष्करालाही आता नुसतं पाडणं एवढा उरलेला नाही. मार बसणार हे धरून चालायचं, विमानं विखरायची, धावपट्टी झटपट दुरुस्त करायची. त्यासाठी उत्तरेकडच्या तिनियन बेटावर झाडोरा तोडून १९४५ च्या धावपट्ट्या पुन्हा उघडल्या जात आहेत. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान उठलं ते तिनियनवरूनच. विमानाला अशी दुसरी धावपट्टी मिळते. बेटावरच्या पोरांना पर्यायी शाळा मिळत नाही. बेटभर फिरताना मला ‘निवारा’ अशी पाटी दिसली ती वादळासाठी ठरवलेल्या शाळांवर. क्षेपणास्त्रासाठी वेगळं काही दिसलं नाही. असलं तर ते काँक्रीटचं घर. १९६२ च्या कॅरेन वादळात लाकडी-पत्र्याची घरं भुईसपाट झाली, त्यानंतर इथे लोक काँक्रीट ओतायला लागले. वादळानं शिकवलेली भिंत आता दुसऱ्या संकटासाठीही तीच.

शेवटचा दिवस

आपल्याकडे अंदमान-निकोबारला २००१ पासून तिन्ही दलांचा एकत्र तळ आहे, लक्षद्वीपच्या मिनिकॉयवर २०२४ मध्ये नौदलाचा नवा तळ उघडला, ग्रेट निकोबारमध्ये बंदर आणि लष्करालाही वापरता येईल असा विमानतळ आखला आहे. बातम्यांत त्याचं वर्णन ‘न बुडणारी विमानवाहू नौका’ असं होतं. गुआमबद्दलही हेच म्हणत आले आहेत. विमानवाहू नौकेवर आजी राहत नाहीत, नातवंडांची शाळा भरत नाही, आणि वेळ आली तर नौका हलवता येते. २००४ च्या त्सुनामीत कार निकोबारचा हवाई तळ आणि निकोबारी लोकांची गावं एकाच लाटेनं नेली. तेव्हा पाण्यानं कोण सैनिक, कोण वाडीवाला हे पाहिलं नाही. त्या बेटांवर रडार कुठे बसेल हे ठरवणाऱ्या टेबलावर पाणी कुठून येईल, निवारा कुठे असेल, आणि तिथल्या माणसाला विचारलं का, हे प्रश्न पहिल्या पानावर असावेत. आज्ञापत्राला तीनशे वर्षं झाली, क्रम तोच आहे.

निघायच्या सकाळी मावशींनी मला कामाला लावलं. मागच्या पडवीत निळी प्लास्टिकची चार पिंपं. वादळांचे महिने, पाणी दर काही आठवड्यांनी बदलायचं. जुनं पाणी आम्ही केळीच्या बुंध्यांना सोडलं, पिंपं घासली, नळी लावली. पाणी थंडगार होतं, जरासं चुन्याच्या चवीचं. तेवढ्यात उत्तरेकडून विमान उठलं, काचा थरथरल्या, पिंपातल्या पाण्यावर बारीक वलयं उमटली. मावशींनी वर पाहिलं नाही. चिकटपट्टीचा तुकडा फाडला, मार्करनं त्यावर आजची तारीख लिहिली आणि पिंपावर दाबून बसवला.

"हे कशासाठी? वादळासाठी की..." मी हातानं आकाशाकडे खूण केली.

"पाण्याला काय माहीत," म्हणाल्या, आणि नळी दुसऱ्या पिंपात टाकली.